रुमालाखालचा भाव

शके १७८६, आश्विन वद्य ७. अमरावती

शिळाछापाचे यंत्र आज दारात उतरले. लोक विचारतात, केवढ्याला पडले? मी मुंबईच्या व्यापाऱ्याने लावलेला आकडा सांगतो आणि त्यांचे डोळे मोठे झालेले पाहतो. खरी किंमत निराळी आहे. पूर्णेच्या पात्रात एक बैल बसला तो उठलाच नाही. गाडीवानाच्या पायाचा अंगठा शिळेखाली गेला. दार रुंद करायला पुढची भिंत पाडली, तिच्याबरोबर माझ्या बायकोने, मनकर्णेने, माहेराहून आणून लावलेला मोगरा गेला. ती सकाळपासून बोलत नाही. ताट वाढते, पण आदळून.

असो. आमचा बाप डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन ह्याच गल्लीतून ओरडत जाई. मी कापसाच्या बाजारात आधी पाणी पाजले, मग बोजे उचलले, मग सौद्यांच्या कडेला बसून ऐकले, आणि ऐकता ऐकता दलाल झालो. तिकडे अमेरिकेत गोरे एकमेकांना मारत आहेत, त्यांचा कापूस अडकला आहे, म्हणून आमच्या काळ्या मातीतला कापूस विलायत आम्ही मागू त्या भावाने नेते. पैसा सगळ्यांनीच केला. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. मी छापखाना घेतला. शेंबी एक गल्ली पाहते. छापलेले नाव अख्खे वऱ्हाड वाचील.

कार्तिक शुद्ध ४

संपादक मिळाला. नाव भगवंतराव. तेल्हाऱ्याकडच्या कुणब्याचा मुलगा, अकोल्याच्या कचेरीत कारकून होता. आगगाडीच्या कामावर गाड्यांसकट धरून नेलेल्या लोकांचा अर्ज त्याने लिहून दिला आणि नोकरी गेली. अर्ज लिहिण्याला कोणी गुन्हा म्हटले नाही. कोणत्या अंमलदाराने कोणाकडून कोंबडी घेतली, कोणाकडून तूप, हे त्याने अर्जात नावानिशी घातले, तो गुन्हा. अकोल्याला म्हातारी आई आहे, तानुबाई. तिला मागे ठेवून आला.

माणूस काटकुळा, पोटाचा अधू, ताकावर जगणारा. डोळे मात्र असे की समोरच्याने सदरा नीट करावा.

मी विचारले, "पगार काय घ्याल?"

म्हणाले, "आधी हे सांगा, मी लिहीन त्यातलं किती छापाल?"

"सगळं छापू. पुंजाराम कोनाले भीत नाई."

"मंग पगार कमी चालेल."

स्वस्तात मिळाला. पत्राचे नाव 'पुंजप्रकाश' ठेवू असे मी सुचवले. म्हणाले, "ते तुमच्या मांगं ठेवू, तुमी गेल्यावर." हसलो. शेवटी 'बाजारवर्तमान' ठरले. अट माझी एकच, प्रत्येक अंकाच्या खाली मोठ्या अक्षरात: मालक पुंजाराम, अमरावती.

मार्गशीर्ष शुद्ध ९

अंक निघू लागले. भगवंतराव चिकट शाईने पिवळ्या कागदावर लिहितात, तो कागद ओल्या शिळेवर दाबला की अक्षरे उलटी उमटतात, आणि त्यावरून छापली की सुलटी. काम झाले की वाळू-पाण्याने शिळा घासून कोरी करायची. मला ह्यातले कोरे करणेच जास्त आवडते. असे माणसाच्या डोक्याचे करता आले असते तर दलाली किती सोपी झाली असती.

मी सांगितले होते, बाजारभाव छापा, सरकीचे छापा, माझ्या दुकानाची जाहिरात छापा. त्यांनी तेही छापले. पण पहिल्या पानावर हे: "सरकारचा लोखंडी रस्ता बडनेऱ्याकडे सरकतो आहे. त्याखाली लाकडाच्या पट्ट्या टाकल्या आहेत असे साहेब सांगतात. आम्ही जाऊन पाहिले. पट्ट्यांखाली आमच्या गाड्यांची चाके आहेत, आणि चाकांच्या भाड्याची पावती कोणाजवळही नाही."

वाचून वाटले, उरलेले अंक दडवावेत. मग बाजारात गेलो. ओट्यावर एक जण मोठ्याने वाचत होता, भोवती शेतकरी, हमाल, गाडीवान, एक विडी चौघांत फिरते आहे. वाचून झाल्यावर एकाने खालचे नाव विचारले. वाचणाऱ्याने सांगितले, "मालक पुंजाराम." सगळ्यांनी माना वळवल्या. मी पागोटे जरा सरळ केले. 

मनकर्णा बोलू लागली आहे. भगवंतरावांसाठी ताक तीच घुसळते; बाजार त्यांना आता मास्तर म्हणतो. मला म्हणाली, "ह्या मानसानं लिहिलेलं मले वाचून दाखवा. तुमचं नाव नका वाचू, ते पाठ झालं."

पौष शुद्ध ३

आज छापखान्यात गप्पा रंगल्या. भगवंतरावांनी विचारले, रुमालाचा सौदा म्हणजे नेमके काय? मला असे प्रश्न आवडतात. खांद्यावरचा रुमाल काढून दाखवले.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. शेतकऱ्याच्या बाजूने दलाल बसतो, समोर घेणारा. दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि आत बोटे बोलतात. बोट धरले की एक, पंजा धरला की पाच, तळहाताला नख लावले की "नाही, वाढवा", अंगठा दाबला की ठरले. शेतकरी समोरच बसलेला असतो, त्याला फक्त रुमाल हललेला दिसतो. मग दलाल त्याच्याकडे वळून भाव सांगतो.

"आन वरून काहीच कळत नाई?"

"कोपराकडे पाहावं. नख लावताना कोपर उचलते. मी असाच शिकलो."

"आत ठरते तोच भाव शेतकऱ्याले सांगता?"

मी मोठ्याने हसलो. कारकुनी केलेला माणूस आणि असे विचारतो! सांगितले, बाहेर दोन बोटे कमी सांगायची. एक बोट दलालाचे, एक घेणाऱ्याचे. ह्याला चोरी म्हणत नाहीत, रीत म्हणतात. घागर भरताना थोडे सांडते, म्हणून कोणी विहिरीवर फिर्याद करत नाही.

"शेवटची रीत कोनावर झाली?"

"तुमच्याच तेल्हाऱ्याचे किसनराव. परवा, महादेवरावांच्या ओट्यावर. माह्याच रुमालात."

महादेवराव म्हणजे बाजाराचे चौधरी, सगळ्यांत मोठे घेणारे. त्यांच्या हाताशी मी हात लढवतो ह्याची मला जरा प्रौढी आहे, म्हणून कुठल्या बोटाला किती वेळ लागला तेही साग्रसंगीत सांगितले.

भगवंतराव हसले नाहीत. ताक अर्धेच ठेवून उठले आणि लिहायला बसले. पोट दुखत असावे.

पौष शुद्ध ११

दोन दिवस अचलपूरला होतो. परत आलो तर अंक बाजारात गेलेला. उतरवून ठेवतो:

"चोराला रात्र लागते. अमरावतीच्या बाजाराने भर दुपारी वापरायला रात्र शिवून घेतली आहे. ती दोन हात लांब असते व दलालाच्या खांद्यावर असते. गेल्या बाजारी महादेवराव चौधरी यांच्या ओट्यावर तेल्हाऱ्याच्या किसनराव यांचा कापूस विकला. रुमालात ठरला त्याहून दोन बोटे कमी भाव त्यांना सांगण्यात आला. आमची मागणी एवढीच की रुमाल काढावा. ज्याचा कापूस त्याने भाव कानांनी ऐकावा."

मी पेटलो. "मले न इचारता?"

"तुमीच म्हनले होते, सगळं छापू."

"अहो, पण रुमाल माझा होता!"

"तुमचं नाव कुठं घातलं मी?"

हे खरे. चारदा पाहिले, दलालाचे नाव नाही. समजूतदार माणूस आहे. फक्त माझे नाव खाली आहे, मोठ्या अक्षरात, पण ते मालक म्हणून.

अंक दुपारीच संपले. पुन्हा छापावे लागले. हे नाकारण्यात अर्थ नाही की छापताना मला बरे वाटत होते.

पौष शुद्ध १४

किसनराव तेल्हाऱ्याहून आले. हातात अंक. त्यांना वाचता येत नाही, गावात कोणाकडून तरी वाचून घेतला होता. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, अंक माझ्यासमोर पसरला आणि नेमका त्या मजकुरावर हात ठेवला.

"पुंजारामभाऊ, माह्ये दोन बोटं कोनाच्या पोटात गेले?"

"अरे बाप्पा, पेपरवाले काहीबी लिहितात."

"पेपर तं तुमचाच हाये म्हनतात."

"कागद माझा. अक्षर मास्तरचं."

किसनरावांनी माझ्या खांद्यावरच्या रुमालाकडे पाहिले. म्हणाले, "पोरीच्या लग्नात तुमाले पहिल्या पंगतीत बसवलं होतं मी." उठून गेले. पान खाल्ले नाही.

मनकर्णा दाराआड होती.  ताट पुन्हा आदळू लागले आहे.

पौष वद्य ६

महादेवराव स्वतः घरी आले. असे कधी घडले नव्हते. मी गादी झाडली. ते बसले, सुपारी कातरत म्हणाले, "पुंजाराम, रुमालात हात दोनच असतात. एक माहा होता. मी तं छापायले सांगितलं नाई."

मी पानाचे तबक पुढे सरकवले.

"घाबरू नको. फिर्याद मास्तरावर टाकून राहिलो, तुह्यावर नाई. तू तं घरचा मानूस. खोटं छापून माही बदनामी केली म्हनून. आता ते खरं हाये हे कोन सांगनार? जगात एकच मानूस सांगू शकते. आन त्यानं सांगितलं तं त्याच्याच तोंडानं कबूल होते का त्यानं किसनरावाले बुडवलं. मंग त्याच्याकडं कोन कापूस आनते? सांग बरं."

सुपारी मला दिली. निघताना म्हणाले, "छापखाना झकास केला गड्या."

मालकाला वगळून नुसत्या संपादकावर फिर्याद, हा त्यांचा मोठेपणा. मी तोंडावर तसे बोललोही.

माघ शुद्ध ५

कचेरीचा हुकूम आला. भगवंतरावांना जामीन राहायला मी पुढे झालो, एवढे तर केलेच पाहिजे. आज छापखान्यात दोघेच होतो. ते कित्ता गिरवावा तसे पुढच्या अंकाचे लिहीत होते.

मी म्हटले, "माफी लिहून द्या. दोन ओळी. मी महादेवरावांशी बोलतो."

"खरं छापलं त्याची माफी कशी लिहू? नमुना असल तर द्या."

"शिक्षा झाली तर?"

"साहेबासमोर जे घडलं ते कोनी सांगितलं तं नाई होनार." मग लेखणी खाली ठेवली. "पुंजारामजी, मी तुमचं नाव कोनाजवळ घेतलं नाई, कचेरीतबी नाई घेनार. तुमाले घ्यायचं असल तं तुमीच घ्या. जबरदस्ती नाई."

मला हायसे वाटले. जबरदस्ती नाही म्हणाले.

रात्री जेवताना मनकर्णेला सांगितले, भगवंतरावांनी मोकळे केले मला. तिने भाकरी हातातच ठेवली.

"तुमी खरं सांगून टाका."

"आणि धंदा?"

"वांगे विकू. मामंजीची पाटी अजून माळ्यावर हाये. मी घेतो डोक्यावर, तुमाले लाज वाटत असल तं."

बाईमाणसाला ह्यातले कळत नाही. वांगी विकणाऱ्याचे नाव कोणी छापत नाही.

माघ वद्य २

आज तो प्रकार झाला. नीट लिहून ठेवतो, कारण असा सौदा माझ्या आयुष्यात झाला नाही.

कचेरी भरलेली. किसनराव आपल्याला कोणता भाव सांगितला ते सांगून बसले. मग साहेबाने मला उभे केले. त्याला रुमालाची गंमत वाटली असावी. म्हणाला, "ये सौदा कैसा होता है? दिखाओ." मुनशीने महादेवरावांना पुढे बोलावले. माझाच रुमाल टाकला.

हात आत गेला आणि महादेवरावांनी माझा पंजा धरला. पाच. नुसते दाखवायचे तर कुठलेही बोट चालले असते. पण पंजा धरून त्यांनी मनगटावर एक दाब दिला, आमच्यात त्याचा अर्थ शेकडा. पाचशे बोजे. ह्या हंगामात त्यांच्या पाचशे बोज्यांची दलाली मला.

देवाशपथ सांगतो, घरून निघताना मी काही ठरवले नव्हते. खरे सांगावे असेही एकदा मनात येऊन गेले होते. पण वीस वर्षे रुमालाखाली वावरलेला हात आहे, पहिला भाव घेत नाही. नख त्यांच्या तळहाताला लागून गेले. ते सहावर आले. पुन्हा नख. सातावर मी अंगठा दाबला.

साहेब म्हणाला, "इतनी देर?"

महादेवराव म्हणाले, "हुजूर, पुंजाराम लई कडक दलाल हाये." कचेरी हसली. साहेबही हसला.

मग मुनशीने विचारले, त्या दिवशी आत काय ठरले आणि बाहेर काय सांगितले? मी म्हटले, "हुजूर, आत ठरलं तेच बाहेर सांगितलं."

भगवंतराव पिंजऱ्यात उभे होते. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलेच नाही. सगळा वेळ कोपराकडे पाहत होते. मी मनात म्हटले, मास्तर शिकवलेले विसरत नाहीत.

माघ वद्य ५

सहा महिने कैद. इथल्या तुरुंगात जागा नाही म्हणून अकोल्याला नेले. बरेच झाले, त्यांच्या आईच्या गावात.

निकाल ऐकायला तानुबाई अकोल्याहून मालाच्या गाडीत बसून आल्या होत्या. कचेरीच्या दाराशी चिंचेखाली बसलेल्या. मला पाहून उठल्या. मला वाटले, जामीन राहिलो म्हणून काही चांगले बोलतील.

"तुमी मालक ना? पेपरावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात हाये म्हनतात. मले वाचता येत नाई. पन मोठ्या अक्षराचा मानूस बाहीर आन माहा पोरगा आत, हे कसं होते बाप्पा?"

मी म्हटले, "आजी, कायद्याचं फार खोल असते."

त्या म्हणाल्या, "असल." आणि पोलिसांच्या गाडीमागे चालू लागल्या.

फाल्गुन शुद्ध ८

'बाजारवर्तमान' बंद ठेवले आहे. अर्धवट मजकूर असलेली शिळा घासून घेतली. यंत्र रिकामे ठेवणे बरे नाही, म्हणून महादेवरावांच्या घरच्या लग्नाच्या पत्रिका छापून दिल्या. कागद माझ्या पदरचा.

सातशे बोजे ठरल्याप्रमाणे मिळू लागले आहेत. रुमालातला सौदा कोणी मोडत नाही, हे लोकांनी शिकण्यासारखे आहे.

भगवंतरावांची सोय मी लावली. माझ्या कापसाच्या गाड्या दर आठवड्याला अकोल्याला जातात. गाडीवानाबरोबर दशम्यांचे गाठोडे आणि चटणी पाठवतो, तुरुंगाच्या दाराशी एक शिपाई आहे, तो आत पोचवतो. मनकर्णा ह्या एका कामासाठी माझ्याशी बोलते.

फाल्गुन वद्य १

बाजारात कोणी तोंडावर बोलत नाही, पण मी ओट्यावर बसलो की गप्पा थांबतात. माझे कान अजून शाबूत आहेत. आज एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "मास्तरले यानंच विकलं." मी उठून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "मास्तर माझ्या घरचं खाते. तुरुंगाच्या भाकरीले त्यानं हात लावला नाई. पुंजारामनं आपल्या मानसाले उपाशी ठेवलं असं कोनी दाखवून द्यावं!"

कोणी दाखवले नाही. घरी येताना चार ठिकाणी तेच सांगितले. आता हे अकोल्यापर्यंत पोचेल.

शके १७८७, वैशाख शुद्ध ४

अकोल्याहून गाडीवान आला. रिकामे फडके घडी घालून परत येते, धुतलेले असते. भगवंतरावांचा निरोप मात्र कधी येत नाही. मानी आहेत. आज पहिल्यांदा शिपायाकडून आला: चटणी अजून झणझणीत करा आणि दशम्यांत गूळ कमी घाला.

मी खूश होऊन मनकर्णेला सांगितले. तिचा हात पिठातच राहिला.

"झणझणीत? त्यायच्या पोटाले तिखट सोसत नव्हतं. मी तं चटनी बिनमिरचीची देतो."

"तुरुंगात माणूस बदलतो."

"अजी, तुमी एकदा जाऊन पाहा ना त्यायले."

"हंगाम आहे."

"मंग मले पाठवा."

काय बोलते! बाईमाणूस तुरुंगाच्या दाराशी. चटणीत मिरची घाल म्हटले. तिने घातली नाही. मीच वरून घातली.

वैशाख वद्य ९

अमेरिकेतली लढाई संपली. आठ दिवस ही बातमी बाजारात कोणी मोठ्याने बोलत नव्हते, जसे काही न बोलल्याने तोफा पुन्हा सुटतील. मुंबईचे मोठमोठे पेढीवाले दारे लावून बसले आहेत. भाव रोज पडतो. ओट्यांवर बोजे पडून आहेत, घेणारा नाही.

महादेवरावांकडे गेलो. उरलेल्या बोज्यांचे विचारले. म्हणाले, "हंगामच नाई राहिला, तं बोजे कुठून आनू? रुमालात हंगामाचं बोललो होतो मी." सुपारी दिली नाही. त्यांचा मुनीम गालात हसत होता. उलट मालाचा तोटा दलालांनीही सोसावा असे ते आता चौघांत बोलू लागले आहेत.

म्हणजे माझी गरज होती तोवर मी घरचा माणूस.

वैशाख वद्य १२

तीन रात्री विचार केला. महादेवरावांचे किती रुमाल मला माहीत आहेत! एक किसनराव नाही, पन्नास किसनराव. तारीखवार सांगीन. फक्त लिहिणारा हवा. असे लिहिणारा ह्या मुलखात एकच आहे. सुटायला अजून वेळ आहे, पण मजकूर आधी ठरवून ठेवता येईल. सुटले की दुसऱ्या दिवशी अंक. पगार वाढवून देईन. त्यांनाही हेच हवे होते, रुमाल काढा म्हणून. राग असेलच थोडा, पण इतके दिवस ज्याचे अन्न खाल्ले त्याला माणूस नाही म्हणत नाही.

मनकर्णेला सांगितले, उद्या अकोल्याला निघतो. तिने न सांगता दशम्या केल्या आणि ताकाचे मडके फडक्याने बांधून दिले.

म्हणाली, "त्यायचं काम हाये म्हनून चालले, का त्यायले पाहायले?"

"दोन्ही."

"बरं."

ज्येष्ठ शुद्ध १. अकोला

ऊन फार. ताक वाटेतच नासले, मडक्यासकट टाकून दिले.

आधी तानुबाईंच्या घरी गेलो, त्यांना बरोबर घेतले असते तर भगवंतरावांना बरे वाटले असते. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, तेल्हाऱ्याला भावाकडे गेल्या, आता तिकडेच राहणार. मी म्हटले, मुलगा इथे असताना? तिने माझ्याकडे पाहिले आणि आत जाऊन दार लावले. अकोल्याची माणसे तुसडी.

तुरुंगाच्या दाराशी जमादाराला नाव सांगितले, अमरावतीचा पुंजाराम. त्याला ओळख पटली नाही. म्हटले, भगवंतरावांना भेटायचे आहे.

"कोन भगवंत?"

"वर्तमानपत्रवाला."

"तो? तो तं चैतातच गेला. पटकीची साथ आली होती, त्या बराकीतले लई गेले. माय येऊन घेऊन गेली त्याले, बैलगाडीत."

मी म्हटले, असे कसे होईल. परवापर्यंत फडके रिकामे परत आले आहे. चैत्रानंतरही किती गाठोडी आली. चटणीचा निरोप आला.

जमादाराने दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला हाक मारली. तरणा, अंगाने भरलेला पोलिस. माझ्या हातातले गाठोडे पाहून त्याने मान खाली घातली. जमादार ओरडला तेव्हा बोलला.

"पहिल्या खेपेले नेलं होतं जी आत. त्यानं इचारलं, कोनाकडचं? मी तुमचं नाव सांगितलं. मंग म्हने, तू खाय."

"आणि नंतर?"

"नंतरबी तेच म्हने. मंग मी नेनंच सोडलं."

फाल्गुनापासूनच्या सगळ्या दशम्या शिपायाने खाल्ल्या. भगवंतरावांनी एकही खाल्ली नाही.